‘छोटी लाईन’चा नंबर

आमच्या घरात देवांच्या खालोखाल कुणाची नावं घेतली जात असतील, तर ती हेमंत-हबीब यांची. ही दोन माणसं आम्ही कधी पाहिली नव्हती. त्यांचा साधा फोटोसुद्धा कुठे पाहिलेला नव्हता. पिच्चरच्या पोस्टरवर सगळ्यात खाली, मध्ये आडवी रेघ मारून दोघांची नावं जोडलेली असायची, तेवढीच ओळख. हेमंत कोणता, हबीब कोणता, थोरला कोण, धाकटा कोण, यावरूनसुद्धा माझे आणि रुखमाआत्याचे वाद व्हायचे. हिरोवर जीव टाकणाऱ्या मुली परतुरात पुष्कळ होत्या. डायरेक्टरवर जीव टाकणाऱ्या आम्ही दोघीच असू.

घर मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागे होतं. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, पडवीत एक बाज. आमचे आजोबा मेंढरं राखायचे, चार महिने घराबाहेर असायचे. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते सोडलं आणि ते जिनिंगात कामाला लागले. कापसाच्या दिवसांत ते घरी यायचे तेव्हा भुवयांवर, मिशीवर, कानाच्या पाळीवर पांढरे तंतू बसलेले असत. आई त्यांना दारातच उभं करून फडक्यानं झटकायची आणि मगच आत घ्यायची. तरी कापूस आत यायचाच. भाकरीच्या पिठात यायचा, पाण्याच्या माठावर तरंगायचा. जिनिंगची घरघर दिवसभर इतकी कानात असे, की ती बंद पडली की आम्ही दचकायचो. त्या घरघरीत दुसरा आवाज आत्याच्या शिलाई मशीनचा. तिसरा रेल्वेचा. तेव्हा आमच्याकडे छोटीच लाईन, म्हणजे अरुंद रुळांची, होती, मोठी व्हायला बराच अवकाश होता. ते इंजिन लांबून शिट्टी द्यायचं आणि शिट्टीच्या मानानं फारच हळू यायचं.

रुखमाआत्या आण्णांची धाकटी बहीण. जाफराबादकडच्या एका खेड्यात तिला दिलेली. पहिलटकरीण म्हणून बाळंतपणाला आली, मूल जगलं नाही, आणि मग तिला न्यायला कुणी आलंच नाही. सासूनं कुणाच्या तरी तोंडी काहीतरी बोलून पाठवलं होतं. काय, ते मला मोठेपणीही कुणी सांगितलं नाही. ‘संक्रांतीला येतील’, ‘अखेतीला येतील’ असं करत वर्षं गेली. भांडण नाही, काडीमोड नाही, कोर्ट नाही. नुसतं कुणी आलं नाही. आण्णांनी तिला मशीन घेऊन दिली आणि त्या विषयावर बोलणं बंद केलं. आत्या मात्र गप्प बसणारी बाई नव्हती. मशीनवर बसली की तिला बोलायला कुणीतरी लागायचं, आणि मी कॉलेजातून आले की ते कुणीतरी मी असायची.

बोलणं एकाच वळणावर यायचं. हेमंत-हबीबचे पाच पिच्चर आमच्या टॉकीजला लागून गेले होते, त्यांचे नंबर लावायचे. आत्याकडे बटणांचा डबा होता. एकेका पिच्चरला एकेक बटण ठरलेलं, आणि मशीनच्या फळीवर ती ओळीनं मांडायची. ‘सातवां फाटक’चं काळं, मोठं, कोटाचं. त्यात रेल्वेच्या फाटकावर खून होतो आणि फाटकवाला शेवटपर्यंत एक अक्षर बोलत नाही. माझा पहिला नंबर तो. ‘दो चाबियाँ’चं पितळी. दोन भाऊ एकाच घराला दोन कुलपं लावतात आणि दुसऱ्याशिवाय कुणालाच घरात जाता येत नाही, असला तो हसण्याचा पिच्चर. आण्णांनी आयुष्यात पाहिलेला एकुलता एक, म्हणून त्यांचा पहिला नंबर तोच; “बाकीचे पाह्यची गरजच न्हाई,” असं ते म्हणायचे. ‘गीली माचिस’ आम्ही चौथ्या नंबरावर ठेवायचो, कारण त्यात भाषणं फार होती. ‘उधार की छतरी’ कायम शेवटी. तिच्याबद्दल वादच नव्हता. गाणी, पाऊस, सगळे गोड गोड. हेमंतचं लग्न ठरलं असेल तेव्हा काढला असेल, असं आत्या म्हणायची.

आणि ‘छोटी लाईन’. तिचं बटण पांढरं, शिंपल्याचं. नवरा-बायको फारकतीच्या कागदांवर सह्या करायला तालुक्याला चाललेले असतात, सगळा पिच्चर त्या एका रेल्वेच्या डब्यात. शेवटी एका आडठेसनावर बायको पाणी आणायला उतरते. नळावर गर्दी असते. गाडी हलते. ती लोटा हातात घेऊन उभी राहते, तो खिडकीतून बघत राहतो, आणि पडद्यावर ‘समाप्त’ येतं. हा आत्याचा पहिला नंबर. माझा दुसरा, कारण शेवटच पटत नव्हता मला.

“तिची गाडी चुकली, बस्स,” मी म्हणायची. “ह्याच्यात काय एवढं?”

“चुकली न्हाई, इमल. तिनं चुकवली,” आत्या दातात दोरा धरून म्हणायची. “लोटा भरला व्हता. म्या बराबर पाह्यलंय. भरलेला लोटा घेऊन बाई उभी राह्यती म्हणजे मंग तिला जायचंच न्हाई.”

“लोटा रिकामा व्हता.”

“भरला व्हता. पाणी सांडलं तिच्या पायावर.”

शेजारच्या कंचनभाभी आमच्याबरोबर दुपारच्या खेळाला येत. त्यांचं कापडाचं दुकान होतं. त्यांच्या घराण्याला राजस्थानातून येऊन किती पिढ्या झाल्या हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांना निकाल द्यायला सांगितलं की त्या दोघींच्या बाजूनं देत. “थोडी चुकली, थोडी चुकवली,” असा त्यांचा न्याय. आई चुलीपुढे असायची. तिच्यापर्यंत सगळं ऐकू जायचं, पण तिचं एकच म्हणणं असे: “वन्सं, त्या बटनात पोलक्याचं बटन गेलं तर गिऱ्हाईक बोंबलंल.”

आता माझी नात फोनवर पिच्चरला चांदण्या देते. पाचपैकी साडेतीन. मी तिला विचारलं, अर्धी चांदणी कशाची कापली? तर तिला सांगता येईना. आमच्याकडे एक बटण मागे सरकवायचं तर अख्खी दुपार भांडावं लागे.

तर अशाच एका दुपारी मामा आले. आत्याचे यजमान, म्हणून माझे मामा. मी त्यांना ओळखलंच नाही. पांढरा सदरा, हातात मोसंब्यांची पिशवी, आणि दाराशी उभं राहून आत येण्याऐवजी चपला नीट जोडून ठेवणारा माणूस. आईनं मात्र लगेच पदर डोक्यावर घेतला आणि मला म्हणाली, “पाणी आण. मामा हायेत.” आतल्या खोलीत मशीन चालू होती. ती एकदम थांबली, आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाली.

आण्णा जिनिंगातून आले. मामा बाजेवरून उठून उभे राहिले. आण्णांनी अंगावरचा कापूससुद्धा झटकला नाही, तसेच समोर बसले. मामांनी सांगितलं की त्यांची आई पडली, खुब्याचं हाड गेलं, उठवत नाही, घरात बाईमाणूस नाही. तेवढं बोलून ते थांबले.

“मंग आत्ता आठवन आली,” आण्णा म्हणाले.

मामांनी मोसंब्यांची पिशवी बाजेखाली सरकवली.

“मी जा म्हननार न्हाई अन् राह्य बी म्हननार न्हाई, दाजी,” आण्णा म्हणाले. “तिचं तिला इचारा. पन जेवून घ्या आधी.”

आईनं भाजक्या मसाल्याचा येसर घातलेली आमटी केली होती, भाकरी, मिरचीचा ठेचा. पाहुण्याच्या ताटात तिनं लोण्याचा गोळा ठेवला. मामा मान खाली घालून जेवले. आत्या बाहेर आली नाही. आत मशीनचा आवाज. मी दोन खोल्यांच्या मधल्या उंबऱ्यावर बसलेली, इकडे बघू की तिकडे बघू असं होऊन. मला आत्या जायला नको होती. तिच्याशिवाय त्या घरात मी कशी राहणार, हेच मला कळत नव्हतं. आणि आई मघाशीच माझ्या कानात म्हणाली होती की माणूस स्वतःहून दारात आला तर बाईनं हट्ट धरू नये. आईचं असं आणि आण्णांचं तसं, म्हणजे घरात दोन मतं झालीच होती.

जेवणं झाल्यावर आण्णा पुन्हा कामाला गेले. मामा बाजेवर बसले. एवढ्यात कंचनभाभी ब्लाऊज न्यायला आल्या. पडवीत कोण बसलंय इकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्या उंबऱ्यातूनच ओरडल्या, “रुक्मिण, सुनो! ‘छोटी लाईन’ लागली जालन्याला! नवीन जालन्यात, स्टेशनजवळच्या टॉकीजला. फिर से!”

आणि काय सांगू, इतक्या ताणलेल्या दुपारी आमचा वाद सुरू झाला. सवयीनं झाला. मी म्हणाले, जाऊन बघू, लोटा रिकामाच आहे. आत्या आतून म्हणाली, भरलेला आहे. भाभी म्हणाल्या, आधा असंल. मी म्हणाले, गाडीच चुकली तिची. आत्याचा आवाज चढला, “चुकवली. शंभरदा सांगितलं तुला, तिनं चुकवली.”

“त्यानं साखळी वढायला पाह्यजे व्हती,” बाजेवरून मामा म्हणाले.

भाभींनी तेव्हा वळून पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. मामा आमच्याकडे बघत नव्हते. समोरच्या भिंतीकडे बघून बोलत होते.

“जाफराबादेत तंबूत आल्ता हा पिच्चर. म्या पाह्यला. तिचं सोडा, तिनं चुकवली का चुकली. तो बसून राह्यला ना. निस्ता खिडकीतून पाहून राह्यला. डोक्यावर साखळी हाये त्याच्या. दाखवली बी हाये. दोनदा दाखवली.”

आतली मशीन थांबली. आत्या दारात आली. मापाची टेप गळ्यात तशीच. कित्येक वर्षांनी ती नवऱ्यापुढे उभी राहिली, आणि पहिलं वाक्य बोलली ते असं:

“साखळी कुठंच न्हाई त्या पिच्चरमधी.”

“हाये,” मामा म्हणाले.

“न्हाई. म्या तीनदा पाह्यलाय.”

“मंग जाऊन बघू,” मामा म्हणाले. आणि बोलून गेल्यावर त्यांचे त्यांनाच कान तांबडे झाले.

आई चुलीपुढून उठून आली होती. तिला वाटलं असावं, ह्या घरातली माणसं वेडी झालीत. पण ती एवढंच म्हणाली, “इमलला घेऊन जा संगं.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही तिघं जालन्याला गेलो. मी मध्ये, आत्या खिडकीला, मामा पलीकडे. मामांनी पिशवीतलं मोसंबं सोललं आणि फोडी माझ्या हातावर ठेवल्या. मी त्यातल्या अर्ध्या आत्याला दिल्या. तिनं खाल्ल्या. बी थुंकून मान आत घेतली तेव्हा तिची नजर डब्याच्या छताकडे गेली. साखळी होती. तांबड्या रंगाची, पाटीखाली. तिनं पाहिली, मी पाहिली, मामांनीही पाहिली असणार.

टॉकीजमध्ये पंखे फिरत होते आणि पडद्याला एके ठिकाणी ठिगळ होतं. शेवट जवळ आला तशी मी पुढे सरकून बसले. बायको उतरली. नळ. गर्दी. गाडी हलली. आणि नवऱ्याच्या डोक्यावर, पडद्याच्या अगदी कडेला, हलणारी साखळी. ती एकदाच दिसली. मग लोटा. त्यातून पाणी हिंदकळून तिच्या पायावर पडलं. दिवे लागले तेव्हा आम्ही दोघंही, मी आणि मामा, आत्याकडे बघत होतो.

“एकदाच हाये,” मामा म्हणाले. “मला दोनदा वाटली व्हती.”

“पन हाये,” आत्या म्हणाली.

अलीकडेच नातीच्या फोनवर मी तो पिच्चर पुन्हा पाहिला. इतकी वर्षं माझ्या डोळ्यांपुढे त्या फलाटावर एक मोठं कडुनिंब होतं. पिच्चरमध्ये कडुनिंब नाहीच. ते परतूरच्या स्टेशनावरचं. पण साखळी आहे, लोटाही भरलेलाच आहे. मी हरले होते ते तेव्हाच, पण कबूल आता केलं, जेव्हा ऐकायला मामा नाहीत.

टॉकीजमधून बाहेर पडून आम्ही स्टेशनासमोर एका हॉटेलात चहाला बसलो. बाहेर रिक्षा, बियाण्यांच्या कंपन्यांच्या पाट्या, माणसांची ये-जा. मामांनी भजी मागवली. आत्यानं चहाची बशी खाली ठेवली आणि माझ्यासमोरच विचारलं,

“साखळी तुमच्या बी डोक्यावर व्हती ना?”

“व्हती.”

“मंग?”

“हात उचलला न्हाई.”

“का बरं?”

मामांनी कपातला चहा संपवला. “आधी आईकडं पाहून राह्यलो. ती म्हनंल मंग जाऊ, असं. मंग लाज वाटाय लागली. एक वर्ष गेलं, आता कोन्त्या तोंडानं जावं. दुसरं गेलं, आनखीनच. जितकं लांबत गेलं तितकं जड.”

“अन् आता आईचं कराय बाई पाह्यजे म्हनून तोंड मिळालं.”

“हां,” ते म्हणाले. “खोटं कशाला बोलू. ते निमित्त घेऊन आलो. निमित्ताबिगर आलोच नस्तो मी.”

मला वाटलं, आता आत्या उठेल. त्या वयात मला तीच बाई पहिल्या नंबरची वाटत होती, जी उठून जाते. आत्या उठली नाही. तिनं एक भजं उचललं, मिठात टेकवलं, खाल्लं. मग सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाली,

“आईला बाई लावा. तुमची ती चुलतभैन हाये ना, रांडमुंड, तिला आना घरी, तिला बी आसरा व्हईल. आईची सोय लागली, घरात माझी काईच गरज राह्यली न्हाई, की मंग या. तवा बी न्यावं वाटलं तर इचारा.”

“आन् तू?”

“म्या काय सांगू आत्ताच? तवाचं तवा.”

मामा तिथूनच जाफराबादच्या एसटीनं गेले. आम्ही परतलो. गाडीत आत्या झोपली, माझ्या खांद्यावर डोकं टाकून, तोंड उघडं ठेवून. माझा खांदा भरून आला तरी मी हलले नाही.

घरी आण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “येत न्हाई आता त्यो.” ज्वारी निघून घरात येईपर्यंत तो विषय पुन्हा कुणी काढला नाही. आत्या शिवत होती, आम्ही नंबर लावत होतो, पण पूर्वीसारखी ती भांडत नव्हती. पांढरं बटण मी दुसऱ्या जागेवर सरकवलं तरी ती म्हणायची, “राहू दे तिथंच.” मला ते बिलकुल आवडत नव्हतं.

आणि मग एका सकाळी मामा पुन्हा दारात. या खेपेला हात रिकामे. पडवीतही आले नाहीत, अंगणातच उभे राहिले. आत्या भांडी घासत होती. ते म्हणाले, “भैन आली. आईचं समदं तीच करून राह्यली. घरात कुनाची गरज न्हाई आता.”

आत्यानं हातातलं भांडं खाली ठेवलं. “मंग कशाला आले?”

“न्यायला,” मामा म्हणाले.

आत्या तिथंच बसली, राखेचा हात कपाळाला लागला तिचा, आणि रडली. मोठ्यानं नाही. मी तिला रडताना त्यापूर्वी पाहिलं नव्हतं, मूल गेलं तेव्हा मी फार लहान होते. आईनं मला आत ओढून घेतलं. मग बाहेरून आत्याचा आवाज आला, नेहमीचा, “मशीन न्यावी लागंल. हमाल सांगा एखादा.” हमाल सांगितला नाही कुणी. मशीनचं डोकं आण्णांनी खांद्यावर घेतलं आणि पाय मामांनी, आणि दोघं स्टेशनापर्यंत पुढेमागे चालत गेले. वाटेत आण्णा काहीतरी म्हणाले आणि मामा हसले. काय म्हणाले ते मागून चालणाऱ्या आम्हाला ऐकू आलं नाही.

ती सुखात राहिली का, असं मला लोक विचारतात. राहिली, जशी माणसं राहतात तशी. सासू पुढे बरीच वर्षं जगली आणि शेवटी शेवटी तिचं सगळं आत्याच करायची, स्वतःहून. मूल झालं नाही. जाफराबादेत स्टँडजवळ तिचं शिलाईचं दुकान चाललं. हेमंत-हबीब पुढे वेगळे झाले, दोघांनी एकेकट्यानं काढलेले पिच्चर आम्ही नेटानं पाहिले आणि एकही नंबरात घेतला नाही. मामा गेले. आत्या आहे, कान गेलेत, फोनवर ओरडावं लागतं.

पण त्या दिवशी संध्याकाळी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. स्टेशनावरून आम्ही घरी आलो. आण्णा जिनिंगात गेले. आतल्या खोलीत मशीनच्या चार पायांचे चार गोल ठसे जमिनीवर उमटलेले, आणि त्यांच्या मध्ये एक चौकोन, सारवणाचा, वेगळ्या रंगाचा. मी तिथं जाऊन बसले. आई सूप घेऊन आली आणि माझ्यासमोर बसून तूर निवडू लागली. ती असं कधी दिवेलागणीला निवांत बसत नसे.

“सांग,” ती म्हणाली.

“काय?”

“तुमी दोघी काय करत्या रोज ते. नंबर. माझा पयला ‘उधार की छतरी’.”

मला हसावं की रडावं कळेना. “तो? आई, तो सगळ्यात बेकार हाये. तू पाह्यला कधी?”

“तुमी दोघी लग्नाला गेल्त्या तवा. कंचनभाभीसंगं पाह्यला म्या. मला कुनी इचारलंच न्हाई कधी, म्हनून सांगितलं न्हाई.”

“काय हाये त्याच्यात? निस्ता पाऊस अन् गाणी.”

आईनं सुपातला खडा उचलून बाजूला टाकला. “पाऊस पडू लागला की त्याच्यात समदे घरी येतेत,” ती म्हणाली. “एक बी माणूस बाहीर राहत न्हाई. तुमाला न्हाई दिसलं ते?”

मला दिसलं नव्हतं. तरी मी म्हणाले, “म्हणून काय पहिला नंबर?”

“व्हय, पयला,” आई म्हणाली, आणि मांडी घालून नीट बसली. “बोल आता. ‘सातवां फाटक’ का बरं पयला, ते सांग मला.”